संकेतस्थळाच्या फाइली क्लाउडवर हलवताना

नौपाड्यातील एका वाचनालयाचे संकेतस्थळ मी सांभाळतो. जुन्या अंकांची स्कॅन केलेली पाने आणि कार्यक्रमांची छायाचित्रे चढवता चढवता सर्व्हरची डिस्क गच्च भरली, तेव्हा संकेतस्थळ ज्यावर चालते त्या वर्डप्रेस प्रणालीचा ‘अपलोड्स’ फोल्डर ॲमेझॉनच्या एस-३ या क्लाउड साठवण-सेवेवर नेण्याचे ठरले. ज्यांना हेच काम करायचे आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत लिहीत आहे.

बकेट, म्हणजे एस-३ मधला फाइलींचा कप्पा, तयार करताना रीजन (फाइली जेथे ठेवल्या जातात तो प्रदेश) मुंबईचे निवडावे. ते २०१६ पासून उपलब्ध आहे आणि आपला वाचक ठाणे-कल्याण पट्ट्यातला असेल तर तेच सोयीचे; शिवाय एकदा तयार केलेल्या बकेटचे रीजन नंतर बदलता येत नाही. बकेटचे नाव ३ ते ६३ अक्षरांचे आणि लहान रोमन लिपीतले असावे लागते. त्यात टिंब चालते, पण ते टाळावे, कारण टिंबामुळे सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र जुळत नाही. एप्रिल २०२३ पासून नवी बकेट सार्वजनिक वापरासाठी मुळातच बंद असते. अनेक जण हे कुलूप सर्वांत आधी उघडतात; माझ्या मते ते तसेच ठेवावे आणि वाचण्याचा हक्क फक्त क्लाउडफ्रंटला (फाइली वाचकांपर्यंत पोहोचवणाऱ्या ॲमेझॉनच्याच सेवेला) देऊन चित्रे त्याच्यामार्फत दाखवावीत. वर्डप्रेसमधून बकेटमध्ये फाइली पाठवणारे प्लगइन (जोड-प्रोग्राम) प्रत्येक फाइल सार्वजनिक करू पाहत असेल तर त्यातला तो पर्याय बंद करावा, नाहीतर फाइल चढतच नाही.

त्यानंतर ॲमेझॉनवरील मुख्य खात्याची किल्ली (प्रवेशाचा सांकेतिक मजकूर) न वापरता या कामापुरता स्वतंत्र वापरकर्ता करावा. त्याला परवानग्या देताना बहुतेकांची एकच चूक होते: फाइलींची यादी पाहण्याची परवानगी खुद्द बकेटवर द्यायची असते, तर फाइल ठेवणे, वाचणे आणि पुसणे या परवानग्या बकेटच्या नावापुढे तिरकी रेघ व तारांकन जोडून आतल्या फाइलींवर द्यायच्या असतात. सगळे एकाच ओळीत लिहिले की ‘ॲक्सेस डिनाइड’ येते आणि दोष किल्लीत आहे असे वाटत राहते. गुप्त किल्ली एकदाच दाखवली जाते. ती लगेच उतरवून वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवावी. प्लगइनच्या चौकटीत भरली तर ती डेटाबेसमध्ये जाते, आणि डेटाबेसची प्रत कोणाकोणाच्या हाती पडेल हे आपल्या ताब्यात राहत नाही.

आता जुन्या फाइलींची बकेटमध्ये नक्कल. त्यासाठी आर-क्लोन हे साधन उत्तम आहे, पण त्यातली ‘कॉपी’ आज्ञा वापरावी, ‘सिंक’ नव्हे. सिंक मुक्कामाच्या ठिकाणच्या जादा फाइली पुसून टाकते. मी पहिल्या प्रयत्नात फाइली घरच्या जुन्या संगणकावर उतरवल्या आणि तेथून चढवल्या. सगळी चित्रे दिसली, मात्र ‘वारकऱ्यांची दिंडी’ आणि ‘शेतकऱ्यांचा मेळावा’ अशा नावांची दिसेनात. युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरांच्या संकेतप्रणालीत) ‘ऱ’ हे अक्षर एका संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन संकेतांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु एस-३ च्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे असतात, आणि घरच्या संगणकाने उतरवताना पहिल्याचे दुसरे केले होते. म्हणून नक्कल थेट सर्व्हरवरून बकेटमध्ये करावी आणि नंतर आर-क्लोनच्या ‘चेक’ आज्ञेने दोन्हीकडच्या फाइली पडताळाव्यात. पुढच्या फाइलींची नावे रोमन लिपीत ठेवलेली बरी, हे मराठी वाचनालयासाठी लिहिताना मला जड जाते, तरी व्यवहारात तेच सुरक्षित आहे.

काही प्लगइन पान दाखवतानाच चित्रांचे पत्ते बदलतात. तसे नसेल तर जुन्या लेखांतले पत्ते डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसला आज्ञा देण्याच्या साधनातील ‘सर्च-रिप्लेस’ने, आधी ‘ड्राय-रन’ (प्रत्यक्ष बदल न करता चाचणी) करून, बदलावेत. थेट एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतून बदलल्यास काही नोंदी मोडतात, कारण त्यांत मजकुराची लांबीही लिहून ठेवलेली असते. हे करण्यापूर्वी डेटाबेसची प्रत घ्यावी.

जुना फोल्डर लगेच पुसू नये. बकेटमध्ये ‘व्हर्जनिंग’ (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय) चालू करावे, खर्चाची मर्यादा ठरवून ती ओलांडल्यास ईमेल येईल अशी सोय करावी आणि महिनाभर सर्व्हरची लॉग फाइल (आलेल्या मागण्यांची नोंद) पाहावी. त्या फोल्डरकडे अजूनही मागण्या येत असतील तर त्या बाहेरच्या दुव्यांवरून येत असण्याची शक्यता असते. त्यांच्यासाठी नव्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचे वळण) लावावे, दोन-चार जुने दुवे स्वतः उघडून पाहावेत आणि मगच डिस्क मोकळी करावी.