मूत्राशयाच्या दुर्बीण तपासणीत रुग्णाचा त्रास कसा कमी करावा

लवचिक दुर्बिणीने केलेली मूत्राशयाची तपासणी बहुधा पाच-दहा मिनिटांत आटोपते आणि तिला पूर्ण भूल लागत नाही. तरीही पुरुष रुग्णांना तिची धास्ती वाटते आणि ती अनाठायी नसते, कारण त्यांचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटीमीटर लांब व वळणाचा असतो. लघवीत जंतुसंसर्ग नाही आणि लिग्नोकेनची (जागा बधिर करणाऱ्या औषधाची) अ‍ॅलर्जी नाही, एवढी खात्री आधीच करून घ्यावी.

त्रासाचे मोठे कारण, माझ्या मते, आपली घाई हेच आहे. मूत्रमार्गात दोन टक्क्यांची लिग्नोकेन जेली भरून लगेच दुर्बीण घातली, तर जेलीचा उपयोग केवळ वंगणापुरता होतो. दहा-पंधरा मिलिलिटर जेली अगदी सावकाश भरावी, कारण जोराने दाबली की तीच झोंबते. मग ती बाहेर येऊ नये म्हणून शिश्नाला क्लॅम्प (चिमटा) हलकेच लावून किमान दहा मिनिटे थांबावे. ओपीडीत गर्दी असेल तर पुढच्या रुग्णाला पडद्याआडच्या खाटेवर आधीच जेली भरून ठेवावी, पण ही दहा मिनिटे कापू नयेत.

सर्वांत नाजूक क्षण येतो तो दुर्बीण लघवी रोखणाऱ्या स्नायूपाशी पोचल्यावर. स्क्रीनवर मार्ग चुणीदार, मिटलेला दिसतो आणि त्याच वेळी रुग्ण मांड्या आवळतो. तेव्हा दुर्बीण पुढे रेटू नये. "काका, लघवी करतोय असं समजा, अंग सैल सोडा," असे शांतपणे सांगावे आणि त्याच वेळी सहकाऱ्याला दुर्बिणीला जोडलेली सलाइनची पिशवी हाताने दाबायला सांगावी. पाण्याच्या दाबाने वाट उघडते व दुर्बीण अलगद आत सरकते. या साध्या युक्तीने वेदना कमी होतात, हे तुलनात्मक चाचण्यांतही दिसले आहे.

ज्याला पाहायचे असेल त्याच्याकडे स्क्रीन वळवावा. अनेकांचे लक्ष त्यामुळे दुखण्यावरून हटते. कमरेखाली नेमके लागते तेवढेच उघडे ठेवावे आणि खोलीत विनाकारण कोणी उभे राहू देऊ नये. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा असल्याने दुखणे कमी असते, पण संकोच कमी नसतो. स्त्री परिचारिका जवळ असावीच.

एक-दोन दिवस जळजळ होईल, लघवी किंचित गुलाबी दिसेल, पाणी भरपूर प्यावे, हे घरी जाण्यापूर्वीच सांगावे. थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली तर लगेच परत यायला सांगावे. तसेच तपासणीसाठी मागे सारलेली शिश्नाची त्वचा रुग्ण उठण्याआधी आठवणीने पुढे आणावी, नाहीतर ती मागेच अडकून सूज येते.