धुराने पतंग काळे झाले नाहीत! उत्क्रांतीचे प्रयोग शिकवताना या चुका टाळा

कोथरूडला माझे दहावीचे क्लास असतात. परवा एका मुलाने पेपरात लिहिलं, "कारखान्यांच्या धुरामुळे पतंग काळे झाले." मार्क कापायला लाल पेन उचललं आणि आठवलं, हे वाक्य तर माझंच, पोर्शन संपवायच्या घाईत मीच फळ्यावर लिहिलेलं.

धुराने कुणी रंगत नाही हो. हे पतंग म्हणजे इंग्लंडमधले पेपर्ड मॉथ, पांढरट ठिपकेवाले किडे. त्यांचा काळा प्रकार मँचेस्टरला 1848 सालीच सापडला होता, फक्त दुर्मिळ होता, मग काजळीने झाडांची खोडं काळी पडली, पांढरट ठिपकेवाले पक्ष्यांना लगेच दिसायला लागले आणि काळे वाचले, त्यांचीच पैदास वाढली. एकाही पतंगाचा रंग बदलला नाही, कुठले किती उरले ते बदललं. (पतंग म्हटल्यावर मागच्या बाकावरून "मांजा!" येतोच, चालायचंच.)

दुसरी गडबड फोटोची. खोडावर शेजारी शेजारी काळा-पांढरा पतंग दाखवणारे जे फोटो असतात त्यातले बरेच मेलेले पतंग लावून काढलेले, आणि हे मुलांना यूट्यूबवर कळलं की "सगळाच फ्रॉड" म्हणून मोकळी होतात. म्हणून आपणच आधी सांगायचं, फोटो म्हणजे पुरावा नाही. केटलवेल या ब्रिटिश संशोधकाने 1953 ला धुरकट बर्मिंगहॅमजवळ खुणा केलेले जिवंत पतंग सोडून परत पकडले, त्यात काळे जास्त सापडले, आणि 1955 ला डॉर्सेटच्या स्वच्छ जंगलात बरोबर उलटं. त्याच्या पद्धतीवर टीका झाली, ती रास्तच होती, पण नंतर केंब्रिजला मजेरस या संशोधकाने सहा वर्षं 4,864 पतंग सोडून बघितलं तरी पक्षी रंग बघूनच टिपतात हेच निघालं.

मिलर-युरेचा प्रयोग, म्हणजे सुरुवातीच्या पृथ्वीवर असतील असे वाटणारे वायू फ्लास्कमध्ये भरून त्यात विजेच्या ठिणग्या पाडल्या तो, थोडक्यात: फ्लास्कमध्ये अमिनो आम्लं तयार झाली, जीव नाही.

आता नैसर्गिक निवड वर्गात दाखवायचा टिकल्यांचा खेळ, यात टिकल्या म्हणजे पतंग आणि मुलं म्हणजे पक्षी. अप्पा बळवंत चौकातून काळा कार्डशीट आणा, त्याच्या 20 आणि पेपरच्या रद्दीच्या 20 टिकल्या पंचने पाडा, वर्तमानपत्र अंथरून त्यावर पसरा, 15 सेकंद चिमट्याने टिपायला लावा. बहुतेकजण इथेच थांबतात, तिथेच चुकतं! उरलेल्या प्रत्येक टिकलीला त्याच रंगाची एक जोडायची, तेव्हा कुठे पुढची पिढी होते. मग काळ्या कागदावर पुन्हा.

आणि पंखा बंद ठेवा. आमच्या अर्ध्या टिकल्या बाकाखाली गेल्या तेव्हा एकजण म्हणाला, "मॅडम, ही पण नैसर्गिक निवडच ना?"

म्हटलं, "नाही रे, पंखा रंग बघत नाही."