पडद्यातून हात देता येत नाही: ज्येष्ठांचे तोलाचे वर्ग ऑनलाइन घेताना

समोरासमोरच्या वर्गात माझा एक हात सतत कुणाच्या तरी कमरेमागे असतो. धरलेलं नसतं, नुसता असतो. ऑनलाइन वर्ग सुरू केले तेव्हा सगळ्यात आधी तो हात गेला. मी फिजिओथेरपिस्ट, घाबरले, आणि पहिले दोन महिने सगळ्यांना खुर्चीत बसवूनच व्यायाम दिले. हात वर, हात खाली, घोटे गोल फिरवा. कुणी पडलं नाही आणि कुणाचा तोलही सुधारला नाही. सुधारणार कसा? बसलेल्या माणसाचा तोल जातच नाही, मग सावरायला तो शिकणार कुठून?

वैद्यकीय संशोधनं एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. त्यात सर्वांत भक्कम पुरावा आहे तो तोलाच्या आणि उठणं-बसणं-वळणं अशा रोजच्या हालचालींच्या व्यायामांचा. नुसत्या चालण्याबद्दल तसं ठामपणे म्हणता आलेलं नाही. म्हणजे ऑनलाइन असो वा समोर, व्यायाम उभ्यानेच हवा आणि तो थोडा कठीणच हवा. आपला हात तिथे नसताना तो कठीण कसा ठेवायचा, हा खरा प्रश्न. उत्तराचा बराचसा भाग वर्ग सुरू होण्याआधीच उरकावा लागतो.

आधी एकेकाशी अर्धा तास

कुणालाही थेट वर्गात घेऊ नका. पडण्याविषयीच्या २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये तीन प्रश्न आहेत: गेल्या वर्षात पडलात का, उभं राहताना किंवा चालताना डगमगल्यासारखं वाटतं का, पडण्याची धास्ती वाटते का. तिन्ही विचारा, पण पहिल्याच्या उत्तरावर लगेच विश्वास ठेवू नका. मला हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, "छे, पडले कुठे, जरा खाली बसले." म्हणून मी विचारते: कधी जमिनीवरून उठावं लागलं का? मग आठवतं.

वर्षात दोनदा किंवा जास्त वेळा पडलेले, पडून दुखापत झालेले, शुद्ध हरपलेले, पडल्यावर स्वतःहून उठता न आलेले, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणारे, हे सगळे आधी डॉक्टरांकडे जातात आणि मग माझ्याकडे येतात. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत रक्तदाब मोजून घ्या असं मी त्यांना सांगते. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरत असेल, तर ते माझ्या व्यायामाने सुटणारं काम नाही. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची यादीही डॉक्टरांपुढे ठेवायला सांगते. त्यात मी स्वतः ढवळाढवळ करत नाही.

चाचण्यांपैकी पडद्यावर छान जमते ती ३० सेकंदांत खुर्चीतून उठण्या-बसण्याची. हात छातीवर, कॅमेरा बाजूने, खुर्चीची पाठ भिंतीला. ७० ते ७४ वयाच्या बाईला १० पेक्षा कमी किंवा त्याच वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं, तर पायांत ताकद कमी आहे असं समजा. हातांचा आधार घेतला तर शून्य. दुसरी चाचणी चार पायऱ्यांची: पावलं जोडून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग टाचेला चवडा लावून, मग एका पायावर, प्रत्येकी १० सेकंद. टाचेला चवडा लावून १० सेकंद टिकत नसेल, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे. ही चाचणी घरात दुसरं माणूस शेजारी उभं असतानाच. तीन मीटर चालून परत येण्याची प्रसिद्ध चाचणी मी ऑनलाइन घेतच नाही. अर्ध्या वाटेत माणूस चौकटीबाहेर जातो.

घर पाहणं, आणि माझी चूक

घरातल्या अडचणी पाहायच्या म्हणून एका आजींना मी म्हटलं होतं, "फोन हातात घ्या आणि मला न्हाणीघरापर्यंत घेऊन चला." त्या निघाल्या. नजर पडद्यावर, एक हात अडकलेला, तोंडाने माझ्याशी बोलणं चालू, आणि समोर पायपुसणं. घरातला सगळ्यात धोकादायक प्रवास मीच त्यांना करायला लावत होते! तेव्हापासून फोन घरातलं दुसरं कुणीतरी धरतं, नाहीतर आधी फोटो मागवते. तीनच पुरतात: पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट (रात्रीच्या उजेडात काढलेली), न्हाणीघराची फरशी, आणि व्यायामाची जागा.

व्यायामाची जागा म्हणून मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो स्वयंपाकघरातला ओटा. तो हलत नाही, सरकत नाही, उंचीही बेताची. पुढे ओटा, मागे भिंतीला टेकवलेली चार पायांची जड खुर्ची, मध्ये माणूस. तोल कुठेही गेला तरी काहीतरी हाताला लागतं किंवा बुडाखाली येतं. चाकांची खुर्ची नको, प्लास्टिकची हलकी नको. नुसते मोजे तर मुळीच नकोत. अनवाणी किंवा बंद बूट.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर लोक हौसेने चेहरा दाखवतात. मला पावलं हवी असतात. फोन आडवा, कमरेच्या उंचीवर, दोन-अडीच मीटर लांब, बाजूने. ओट्यावर टेकवू नका. तिथून मला फक्त हनुवटी दिसते.

फोन नंबर

उभ्याने वर्ग सुरू होऊन महिना झाला असेल. एका आजींची चौकट अचानक छताकडे वळली आणि धप्पकन आवाज आला. मी हाका मारल्या, उत्तर नाही. त्यांचा नंबर लावला, तर कळलं की माझ्याकडचा एकमेव नंबर ज्या फोनवर त्या वर्गात होत्या त्याचाच आहे. चार मिनिटांनी त्यांचा चेहरा वाकून पडद्यात आला. पडला होता फोन. त्या स्टूल धरून नीट उभ्या होत्या, फक्त ऐकायला कमी येत होतं.

तेव्हापासून प्रत्येकाचा एक कागद माझ्या टेबलावर असतो. आज ज्या घरातून जोडले गेलेत तिथला पूर्ण पत्ता (लोक मुलाकडे गेलेले असतात, म्हणून दर वेळी विचारते), दुसरा फोन नंबर, किल्ली असलेल्या शेजाऱ्याचा नंबर, आणि त्यांच्या भागातल्या रुग्णवाहिकेचा क्रमांक. शेवटचं विसरू नका. तुमच्या गावातली रुग्णवाहिका त्यांच्या काय कामाची?

एक नियम पहिल्याच दिवशी पाठ करून घेते: चित्र थांबलं, आवाज गेला की आधार धरा आणि बसा. फोनशी खटपट बसल्यावर.

प्रत्यक्ष वर्ग

एका वर्गात आठजण, आणि एक मदतनीस. मदतनीस व्यायाम करत नाही, बोलत नाही, फक्त आठ चौकटी पाहते आणि गरज पडली की फोन लावते. मदतनीस नसेल तर मी चौघांपलीकडे जात नाही, आणि घरात कुणीच नसलेल्यांना त्या दिवशी आधार सोडायला सांगत नाही.

आधी तोंडाने सांगा, मग करून दाखवा, मग त्यांना करायला लावा. तिन्ही एकदम केलंत तर लोक पडद्याकडे मान वळवून एका पायावर उभे राहतात. डावा-उजवा म्हणू नका, पडद्यावर सगळ्यांचा गोंधळ उडतो. "ओट्याकडचा पाय" म्हणा. उजेड तुमच्या तोंडावर हवा, कारण कमी ऐकू येणारे ओठ वाचतात. पार्श्वसंगीत तर मी बंदच केलं. त्यात माझे शब्द बुडायचे. सगळ्यांनी एकत्र मोठ्याने आकडे मोजण्याचा हट्टही सोडला, कारण आवाज मागेपुढे पोचतो. म्यूटवर राहून प्रत्येकाने आपापलं मोजावं.

आता कठीण करण्याचं. आधाराच्या माझ्या चार पायऱ्या आहेत: दोन्ही तळहात ओट्यावर, एक तळहात, दोन बोटं, आणि हात ओट्याच्या वर अधांतरी. पावलांच्या चार पायऱ्या वर सांगितल्याच. एका वेळी एकच बदलायचं. पावलं अवघड केली तर हात परत ओट्यावर. योग्य पायरी कशी ओळखायची? घोटे थरथरताना दिसले पाहिजेत. पावलं अगदी स्थिर असतील तर व्यायाम सोपा आहे. खांदे कानांशी गेले, श्वास रोखला, ओटा घट्ट पकडला, तर अवघड झाला. हे दिसतं म्हणूनच पावलांचा कॅमेरा. टाच उचलणं, चवडा उचलणं, बाजूला पावलं टाकणं, खुर्चीतून हात न लावता उठणं, यावर माझा बहुतेक वेळ जातो. पडणं टाळण्यासाठीच्या न्यूझीलंडच्या ओटागो कार्यक्रमातही घरी करण्याचे असेच व्यायाम आहेत.

जमिनीवरून उठायचं कसं, हे मी दाखवते, पण एकट्या माणसाकडून करवून घेत नाही. कुशीवर वळा, कोपरावर या, रांगत खुर्चीपर्यंत जा, जोरकस पाय पुढे रोवा, हात बैठकीवर दाबून उठा आणि वळून बसा. सराव घरातलं कुणी जवळ असतानाच.

किती दिवस

आठ आठवड्यांचा वर्ग लोकांना आवडतो, शरीराला पुरत नाही. सिडनीत सत्तरीपुढच्या ५०३ जणांवर टॅबलेटवरून घरीच करायच्या तोलाच्या व्यायामांचा अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला दोन तास व्यायाम होता. पहिल्या वर्षअखेर पडण्याच्या प्रमाणात ठळक फरक नव्हता. दोन वर्षांचा हिशेब केला तेव्हा ते १६ टक्क्यांनी कमी निघालं. मी आठवड्यातून दोनदा पाऊण तास वर्ग घेते आणि उरलेला वेळ रोजच्या कामांना जोडून देते. दात घासताना एक हात बेसिनवर, पावलं टाचेला चवडा.

प्रत्येकाकडे महिन्याचं कॅलेंडर असतं, रोज एक खूण: पडले, अडखळले, की काही नाही. महिनाअखेर त्याचा फोटो येतो. सुरुवातीला खुणा वाढल्या तर घाबरू नका. बहुतेकदा एवढंच झालेलं असतं की "जरा खाली बसले" हेही लोक आता लिहू लागलेत.

वर्ग संपताना सगळे बसलेले दिसेपर्यंत मी निरोप घेत नाही. फोन बंद करायला घाईघाईने वाकून पुढे येणारे दर वेळी एक-दोन असतातच. म्हणून सांगून ठेवलंय, तुम्ही बसून राहा, बंद मी करते.