आपलाच देश म्हणून निवांत फिरायला निघता? मग या चुका टाळा

परदेशात जायचं म्हटलं की आपण सहा महिने आधीपासून व्हिसा, इन्शुरन्स, तिथे कुठला प्लग चालतो इथपर्यंत सगळं वाचून काढतो, आणि भारतातच कुठे जायचं असलं की "आपलाच तर देश आहे, गेल्यावर बघू" म्हणत बॅग उचलतो. माझ्या मते अर्धी फजिती इथेच ठरलेली असते. लडाखचं लेह, तामिळनाडूचं मदुराई आणि अरुणाचलचं तवांग, तिन्ही ठिकाणी नोटा सारख्याच चालतात, बाकी नियम, हवामान, जेवण, भाषा सगळं वेगळं.

सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करतो. तिकीट होतं १५ तारखेचं, गाडीची वेळ ००:२०. आम्ही सहकुटुंब मस्त जेवूनखाऊन १५ च्या रात्री साडेअकराला प्लॅटफॉर्मवर हजर, आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली! रात्री बारानंतरची गाडी म्हणजे आदल्या दिवशी रात्री घरातून निघायचं, हे इतकं साधं आहे पण रोज कोणीतरी फसतंच. अशी गाडी हुकली की पैसे गेलेच समजा, मग तत्काळच्या मागे लागायचं. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला, आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार व्हेरिफाय केलेलं अकाउंट लागतं, तेव्हा हे काम घरी बसूनच उरकून ठेवा, सकाळी ९:५८ ला ओटीपीची वाट बघत बसू नका.

स्टेशनचंही तेच. दिल्ली म्हणजे नवी दिल्ली, जुनी दिल्ली, निजामुद्दीन, आनंद विहार असं बरंच काही, चेन्नईत सेंट्रल वेगळं आणि एग्मोर वेगळं, कोलकात्यात हावडा आणि सियालदा तर नदीच्या दोन बाजूंना. आणि उदयपूर राजस्थानात आहे तसं त्रिपुरातही आहे, बिलासपूर हिमाचलात आहे आणि छत्तीसगडमध्येही, त्यामुळे नुसतं नाव बघून बुकिंग करू नका, राज्य बघा.

सुट्टी आपली, पाऊस त्यांचा

दिवाळीच्या सुट्टीत तामिळनाडू करायचं असं आपल्याकडे बरेच जण ठरवतात, कारण आपला पावसाळा संपलेला असतो. पण तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच असतो, चेन्नई आणि किनाऱ्याकडे तर नोव्हेंबरात नको नको होतं. जायचंच असेल तर जानेवारी-फेब्रुवारी बघा. नाताळात उत्तरेकडे धुकं, गाड्या आणि विमानं तासन् तास लेट, तेव्हा ट्रेनमधून उतरून त्याच दिवशीची फ्लाइट पकडायचा प्लॅन करू नका. आणि वारही बघत जा हो, ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. दूर कशाला, अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, हे आपल्यातल्याच किती जणांना माहीत नसतं.

दक्षिणेतली देवळं हा वेगळाच विषय. आपल्याला सवय अशी की दिवसभरात कधीही जा, रांगेत उभं राहा. तिथे मोठी मोठी देवळं दुपारी चक्क बंद होतात, मदुराईचं मीनाक्षी मंदिर साडेबारा ते चारच्या दरम्यान बंद असतं, आणि आपण नाश्ता, शॉपिंग करून बरोबर पाऊणला पोचतो. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना शर्ट काढून मुंडू, म्हणजे लुंगीसारखं धोतर नेसावं लागतं, पँट चालत नाही. तिथे भाड्याने वगैरे मिळतं, पण घरातलं पांढरं धोतर बॅगेत टाकलं तर काय बिघडलं. हिंदी सगळीकडे चालेल हेही गृहीत धरू नका. जायच्या ठिकाणाचं नाव तिथल्या लिपीत फोनवर सेव्ह करून ठेवा, आणि तामिळनाडूत "भैया" ऐवजी "अण्णा" म्हणून बघा, समोरच्याचा चेहराच बदलतो.

सगळ्यात महागात पडते ती लडाखची घाई. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, आणि लेह शहरच साधारण ३५०० मीटरवर, म्हणजे विमानातून उतरलात की तुम्ही थेट दोन कळसूबाईंच्या वर उभे असता आणि शरीराला अजून कळलेलंही नसतं. पहिले दोन दिवस गुपचूप हॉटेलात पडून राहायचं, पाणी प्यायचं, जिने पळत चढायचे नाहीत, दारू तर नाहीच. पण चारच दिवस रजा आहे म्हणून लोक दुसऱ्याच सकाळी आणखी उंचावरच्या खारदुंगला खिंडीकडे निघतात आणि तिथे ओकत बसतात. डोकं ठणकायला लागलं, मळमळ झाली तर आणखी वर जाऊ नका. चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर ताबडतोब खाली आणायचं आणि दवाखाना गाठायचा, उद्या बघू म्हणायचं नाही. विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळ्यांचं काय ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारा, शेजारच्या ग्रुपवाल्यांना नको.

आणि हो, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाख आणि जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. हे लोकांना तिथे उतरल्यावर कळतं, आणि मग यूपीआय पण बंद, ओटीपी पण बंद. घरातल्या एकाचं तरी सिम आधीच पोस्टपेड करून घ्या आणि पुरेशी कॅश ठेवा.

ईशान्येकडे जाताना परमिट विसरू नका. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरमध्ये आपण भारतीय असलो तरी इनर लाइन परमिट, म्हणजे त्या राज्यात शिरायची सरकारी परवानगी लागते. सिक्कीमला तसं लागत नाही, पण चीनच्या सीमेवरच्या नाथुला खिंडीसाठी वेगळं परमिट काढावं लागतं, ते तिथल्या एजंटकडूनच होतं, आणि सोमवार-मंगळवारी नाथुला बंद. मतदार ओळखपत्र आणि पासपोर्ट साइज फोटो सोबत असू द्या. शिवाय घड्याळ तेच असलं तरी सूर्य त्यांचा लवकर मावळतो, डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडायला लागतो, त्यामुळे "जेवून दोनला निघू" हा आपला हिशोब तिकडच्या घाटात चालत नाही. आणि तिथल्या लोकांना "आम्ही इंडियातून आलो" असं कृपा करून सांगू नका, तेही इंडियातच राहतात.

स्वतःची गाडी घेऊन उटीला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी बघा, मे २०२४ पासून उटी-कोडाईकनालला ई-पास लागतो, आणि बांदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, म्हैसूरला रेंगाळलात की गेटवर अडकलात. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्याही निलगिरीत नेऊ देत नाहीत. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे, बिहारमध्ये तर गाडीत विसरलेली एक बाटलीसुद्धा महागात पडते.

शेवटचं, केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं तिकीट गुगलवर सापडलेल्या नंबरवर फोन करून काढू नका. ते आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवरच मिळतं, बाकी साइट कितीही हुबेहूब दिसू दे. पैसे गेलेच असतील तर रडत बसण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, पहिल्या तासा-दोन तासांत तक्रार गेली तर रक्कम अडवली जायची शक्यता असते, आणि मग बँकेला कळवा.