टायमिंग टूल शोधताना या चुका टाळा, नाहीतर इंजिन दोनदा खोलाल

टायमिंग टूल म्हणजे टायमिंग बेल्ट किंवा चेन बसवताना क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नेमक्या जागी आहेत हे दाखवणाऱ्या पिना आणि पट्ट्या. मी पहिलं टायमिंग किट मागवलं ते गाडीचं नाव आणि वर्ष बघून. हेड बसवून झालेलं, गॅस्केट नवं, आणि क्रँकची पिन भोकात जेमतेम अर्धी जातीय, कारण त्याच वर्षी त्याच मॉडेलमधे दोन वेगळी इंजिनं यायची आणि किट निघालं दुसऱ्याचं. तेव्हा टूल शोधायचं ते इंजिन कोडवरून. कोड ब्लॉकवर ठोकलेला असतो, काळं पुसून वाचा, आणि तेही खोलायच्या आधी.

पण नुसत्या कोडवरही कधीकधी भागत नाही. फोक्सवॅगनच्या पीडी टीडीआय डिझेलमधे क्रँकचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) गोल असेल तर टी१००५० नंबरचं लॉकिंग टूल लागतं आणि लंबगोल असेल तर टी१०१००, त्यामुळे कव्हर काढून स्प्रॉकेट डोळ्याने बघा मगच ऑर्डर द्या. मॅन्युअलमधे टूलचा नंबर दिलेला असतो, सर्चमधे तोच टाका, स्वस्त किटवालेही मूळ नंबर लिहितात.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणजे लॉकिंग टूलच्या जिवावर बोल्ट सोडवणं. अरे ते टूल जागा दाखवायला आहे, जोर खायला नाही! फोर्डच्या ड्युराटेक एचई इंजिनात क्रँकच्या पुलीला की (जागेवर अडकवणारी खिट्टी) नसते, पुली आणि स्प्रॉकेट निव्वळ बोल्टच्या दाबावर पकडून असतात, म्हणजे बोल्ट ढिला केला की टायमिंग गेलंच समजा. तिथली टीडीसी पिन (टीडीसी म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ती जागा) म्हणजे फक्त क्रँक टेकायची जागा, आणि मागे कॅमच्या खाचेत बसते ती पट्टी, त्या पट्टीवर जोर आला तर कॅमचं टोक तुटू शकतं. पुली धरायचं टूल वेगळं घ्या, कॅम धरायला त्याच्यावरच्या षटकोनाला पाना लावा.

जुगाड कुठे चालतो? माझ्या मते सरळ पट्टी असेल तर मापाची, एकसारख्या जाडीची पट्टी चालते, टेन्शनर (बेल्ट किंवा चेन ताणून धरणारा भाग) दाबून धरायला बसेल ती तार चालते. पण क्रँकच्या भोकात ड्रिल बिट घालू नका, कडक असतं, कडकन तुटतं आणि तुकडा आतच राहतो.

आणि सगळं बांधून झाल्यावर लोक फसतात ते इथे. सगळ्या पिना काढा, प्लग काढा, क्रँक पान्याने हाताने, इंजिन फिरतं त्याच दिशेने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा (तेवढ्यात कॅमची एकच होते) आणि पिना परत घालून बघा. मधेच कडक लागलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असेल. चेनचे रंगीत दुवे आता खुणांवर नसतील, त्याला घाबरून पुन्हा खोलायला बसू नका, ते फक्त बसवतानाच्या खुणेसाठी असतात आणि परत जुळायला बऱ्याच फेऱ्या लागतात.

पिन जात नसेल तर किती चुकलंय ते बघा. कॅमच्या स्प्रॉकेटला ४० दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८, हे नजरेला लगेच दिसतं. पण चूक दोनतीन अंशांचीच असेल तर दात मोजत बसू नका, बहुतेक बेल्टची ढील टेन्शनरच्या बाजूला न ठेवता दुसऱ्या बाजूला राहिलीय किंवा स्प्रॉकेटचा बोल्ट आवळताना कॅम सरकलाय. आणि क्रँकची पिन बरोबर जाते पण कॅमची खाच बरोबर उलटी दिसतेय? मग काही बिघडलेलं नाही, क्रँक अजून एक फेरी फिरवा.

आणि हो, स्टार्टर मारायच्या आधी किटच्या डब्यातल्या पिना मोजा, एक जरी कमी भरली तरी ती कुठे आहे ते तुम्हाला माहितीय.