कपाशीवरच्या कोळ्याचे डोळे शार्प कसे आले

आमच्या परभणीकडं कपाशीवर हिरवा लिंक्स कोळी दिसतो, पण वारं सुटलं की पान हलतंय, आपण हलतोय अन् १:१ मॅक्रोला (कोळी सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच उमटतो असा जवळचा फोटो) एफ/८, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक, ठेवलं तरी शार्प भाग जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळं डोळे सॉफ्टच यायचे. मग डाव्या हातात तीच फांदी हळूच धरली आणि लेन्स त्याच हातावर टेकवली, आता कोळी अन् कॅमेरा संगंच हलतात, खरा फरक इथंच पडला. फोकस मॅन्युअल, नुसतं अंग मागंपुढं करून बर्स्ट (एकामागोमाग झटपट फोटो) मारायचा. शटर १/५०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची सेटिंग) १६०० गेला तरी चालतंय, त्यानं येणारा ग्रेन (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, हललेला फोटो नाही सुधरत. ऊन सकाळचं कोवळंच घ्या. मादी अंड्यांच्या पिशवीवर बसलेली असली तर मात्र फांदीला हात लावू नका, लांबूनच काढा.