हँडबॉलचा फास्ट ब्रेक नेमका कुठे फसतो? या चुका टाळा

सकाळी सहाला मी मैदानावर फक्कीने रेषा मारत असतो, तेव्हाच मुलं मागे येऊन उभी राहतात. “सर, आज फास्ट ब्रेक घ्यायचा ना?” बॉल आपल्याकडे आला की समोरचा बचाव उभा राहायच्या आत केलेला हल्ला, म्हणजे फास्ट ब्रेक. सगळ्यांचा आवडता प्रकार. सुसाट धावायचं, एकट्याने गोलकीपरसमोर जायचं आणि उडी घेऊन बॉल जाळ्यात घालायचा. सोलापुरात खो-खो घराघरात मुरलेला आहे, त्यामुळे सहावी-सातवीतली मुलगीसुद्धा दोन पावलांत वेग पकडते. तरीही शालेय स्पर्धांमध्ये मी बघतो, निम्म्याहून जास्त फास्ट ब्रेक मध्यरेषेच्या आसपासच विरून जातात.

मग आपण शिक्षक काय करतो? मैदानाला अजून चार फेऱ्या मारायला लावतो. माझं मत वेगळं आहे. फास्ट ब्रेक बिघडतो तो बॉल आपल्याकडे आल्यावरच्या पहिल्या दोन सेकंदांत. त्या दोन सेकंदांचा सराव आपण घेतच नाही.

गोलकीपर बघत नाही

एका सामन्यातला प्रसंग सांगतो. सतरा वर्षांखालच्या मुलांचा गट. समोरच्या टीमचा शॉट बारवरून गेला आणि बॉल मागच्या कडुलिंबापाशी जाऊन थांबला. आमचा गोलकीपर रमतगमत गेला, वाकला, बॉल जर्सीला पुसला, बॉलकडेच बघत परत आला आणि डीच्या (गोलसमोरच्या गोलकीपरच्या भागाच्या) रेषेजवळ उभ्या असलेल्या पोराच्या हातात दिला. तोपर्यंत आमचा लेफ्ट विंग (डाव्या कडेचा खेळाडू, म्हणजे विंगर) मध्यरेषेच्या पुढे, एकटा, हात वर करून उभा होता. त्याच्या जवळपास कुणी नव्हतं. मध्यंतरात विचारलं तर गोलकीपर म्हणाला, “सर, मी बघितलोच नाही ओ.”

तो खरं सांगत होता. बघ म्हणून त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

असा बॉल गोलकीपरने परत खेळात आणायचा, त्या गोलकीपर थ्रोला साधारणपणे पंचांच्या शिट्टीची वाट बघावी लागत नाही. डीच्या आतून फेकलेला बॉल डीची 6 मीटर रेषा पूर्ण ओलांडून गेला की थ्रो झाला. म्हणजे वेळ आपल्याच हातात असतो आणि आपणच तो घालवतो. यावर आमचा उपाय असा. सरावात गोलच्या मागे तीन-चार बॉल टाकून ठेवायचे. मध्यरेषेजवळ तीन मुलं उभी करायची. गोलकीपर बॉलकडे धावत असतानाच तिघांपैकी एकाने हात वर करायचा. गोलकीपरने बॉल उचलायच्या आधी त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि मगच फेकायचं. नाव चुकलं तर तो थ्रो बाद. पहिले आठ दिवस मुलं वैतागतात, पुढे मान आपोआप वर येते.

इथेच बॉलचंही बघून घ्या. पुरुषांचा नेहमीचा बॉल 58 ते 60 सेंटिमीटर घेराचा आणि 425 ते 475 ग्रॅम वजनाचा असतो, महिलांचा 54 ते 56 सेंटिमीटर आणि 325 ते 375 ग्रॅम. लहान मुलींसाठी त्याहून लहान, एक नंबरचा बॉल असतो. शाळेत बहुतेक वेळा एकच बॉल सगळ्यांना फिरतो. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात पुरुषांचा तीन नंबरचा बॉल द्यायचा आणि तिच्या हातात ताकद नाही म्हणायचं, हा त्या पोरीवर अन्याय आहे.

विंगर कधी सुटतो?

एक तर फार लवकर, नाही तर फार उशिरा. गोल वाचल्याचं बघून, टाळी वाजवून मग निघणारा विंगर पोचेपर्यंत समोरचा बचाव उभा राहिलेला असतो. उलट काही पोरं शॉट सुटायच्या आधीच पळतात. शॉट ब्लॉक होतो, बॉल पुन्हा त्यांच्याकडे जातो आणि आपल्या डीसमोर एक माणूस कमी.

मी मुलांना खो-खोच्या भाषेत सांगतो. खो मिळायच्या आधी उठलं तर फाउल, मिळाल्यावर बसून राहिलं तर गडी सुटला. मग इथला खो कोणता? शॉट ज्या बाजूने येतोय त्याच्या विरुद्ध बाजूच्या विंगरसाठी, शॉट मारणाऱ्याच्या हातातून बॉल सुटला तो खो. शॉटच्या बाजूच्या विंगरने मात्र बॉल आपल्या गोलकीपरकडे आला हे बघूनच निघायचं. मधल्या बचावपटूंनी आधी पिव्होटला, म्हणजे आपल्या डीच्या रेषेवर उभ्या असलेल्या समोरच्या टीमच्या खेळाडूला धरायचं, कारण परत आलेला बॉल सगळ्यात आधी त्याच्याच हाताला लागतो.

खो येणार हे आधीही ओळखता येतं. निष्क्रिय खेळासाठी, म्हणजे गोलचा प्रयत्न न करता बॉल नुसता फिरवत राहिल्याबद्दल, पंचांनी हात वर केला की समोरच्या टीमकडे जास्तीत जास्त चार पास उरतात (2022 च्या आधी सहा होते). पास मोजायला शिकवा. तिसऱ्या पासला विंगरचं वजन पुढच्या पायावर आलेलं असलं पाहिजे.

लांब पास, आणि तो घेणारा

उंच आणि 6 मीटर रेषेच्या जवळ पडणारा पास सगळ्यात धोक्याचा. समोरचा गोलकीपर डी सोडून बॉलकडे येतो, आपला पोरगा मान मागे वळवून धावत असतो आणि दोघांची टक्कर होते. नियम बाहेर आलेल्या गोलकीपरलाच जबाबदार धरतो, अशा धडकेला लाल कार्ड आहे. पण कार्ड निघालं तरी पडलेल्या पोराचा गुडघा किंवा डोकं वाचत नाही. म्हणून बॉल मध्यरेषेच्या पुढे पाच-सात मीटरवर पडावा, धावणाऱ्याच्या पुढ्यात. विंगरने सुरुवात बाजूच्या रेषेजवळून करायची, आतल्या खांद्यावरून मागे बघायचं आणि मध्यरेषा ओलांडली की आत वळायचं. शेवटपर्यंत रेषेला चिकटून गेलं तर शॉटला कोन उरत नाही.

बॉल हातात आल्यावरची गडबड तर नेहमीचीच. पोरगा घाबरून बॉल आपटायला लागतो आणि नजर जमिनीवर जाते. आपली बहुतेक मैदानं मुरमाची. एक खडा लागला की बॉल भलतीकडे. हिशोब करून बघा. बॉल गोलपासून 14 मीटरवर मिळाला आणि उडी 7 मीटरवरून घ्यायची, म्हणजे पार करायचं अंतर 7 मीटर. धावत्या मुलाच्या तीन ढांगांत साधारण पाच मीटर जातात. तीन पावलं (बॉल धरून तेवढीच टाकता येतात), एक ड्रिबल म्हणजे बॉल एकदा आपटणं, पुन्हा तीन पावलं, एवढ्यात काम होतं. हवेत बॉल पकडून जमिनीवर टेकवलेला पहिला पाय तीन पावलांत मोजत नाहीत, हेही मुलांना सांगा. बरीच पोरं चौथ्या पावलाच्या धास्तीनेच नको ते ड्रिबल करतात.

उडीची जागा फक्कीने खूण करून दाखवा, 6 मीटर रेषेच्या एक ढांग अलीकडे. पूर्ण वेगात रेषेवरून उडी घ्यायला गेलं की पाय हमखास आत पडतो.

दुसरी लाट

विंगरला पास देता आला नाही म्हणजे फास्ट ब्रेक संपला, असं समजून मुलं चालायला लागतात. खरं तर समोरचा बचाव तेव्हाही पूर्ण लागलेला नसतो. मागून येणाऱ्या तिघांनी मैदानाची 20 मीटर रुंदी वापरत, पुढे धावता धावता पास करत यायचं. चूक नेहमी तीच होते, सगळे बॉलकडे गोळा होतात आणि एकच बचावपटू तिघांना अडवतो. बॉल मधल्याकडे ठेवा, बाजूचे दोघे रुंद राहू द्या.

शिट्टीवर सुरू होणारा सराव

सगळ्यात मोठी चूक आम्हा शिकवणाऱ्यांची. दोन रांगा, शिट्टी, पास, पास, शॉट, समोर कुणी नाही. सामन्यात फास्ट ब्रेकसाठी शिट्टी कोण वाजवतं? प्रत्येक फेरी खऱ्या शॉटने सुरू करा आणि शॉट मारणाऱ्याला लगेच उलट धावून बचाव करायला लावा. त्याला एक गोष्ट मात्र बजावून सांगा: धावत्या खेळाडूला मागून किंवा बाजूने ढकलायचं नाही. दोन मिनिटांची शिक्षा किंवा लाल कार्ड हा पुढचा भाग, त्या वेगात पडलेल्याचं मनगट मोडतं.

फेऱ्या थोड्या, पण पूर्ण वेगाच्या घ्या. सहा-सात सेकंद धावणं, मग पाऊण मिनिट विश्रांती. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात आठ वाजताच ऊन चटके देतं, तेव्हा साडेसातला थांबा आणि पाण्यासाठी मुलांनी विचारायची वाट बघू नका.

तो गोलकीपर आता बॉल उचलायच्या आधीच नाव घेऊन ओरडतो. त्या आवाजावर आमचा लेफ्ट विंग धावता धावता मान वळवतो.